बघण्याचा संप आणि त्याचे तीन धनी

आमच्या निवृत्त टपाल कर्मचारी मंडळाचा दिवाळी अंक मी दरवर्षी पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतो, आणि वाचता वाचता समासात पेन्सिलीने 'चूक' असे लिहीत जातो. गेल्या वर्षी श्री. देवस्थळी यांच्या लेखापाशी आलो आणि समास अपुरा पडला. निवृत्त निरीक्षक देवस्थळी लिहितात की, नवी मुंबईतील एका टपाल कार्यालयात विनावेतन प्रशिक्षणार्थींनी केलेला संप त्यांनी 'एका बैठकीत, सौजन्याने आणि समयसूचकतेने' मिटवला. दुसरीकडे त्याच कार्यालयातले माजी पोस्टमन आणि संघटनेचे चिटणीस बाळाराम ठाकूर प्रत्येक निरोप समारंभात माइक हाती आला की सांगतात, तो संप त्यांनीच उभा केला.

त्या कार्यालयाचा पोस्टमास्तर मी होतो. संप माझ्याविरुद्ध झाला, माझ्या डोळ्यांदेखत झाला आणि, हे दोघांनीही नीट वाचावे, माझ्यामुळे झाला. तो उभा केला मी आणि मिटवलाही मीच. या दोन सद्गृहस्थांनी मध्ये येऊन केवळ गर्दी वाढवली.

आधी आमच्या कामाविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण पोस्ट म्हणजे काउंटर आणि त्यामागचा चिडका माणूस एवढीच लोकांची समजूत असते. खरे पोस्ट काउंटर उघडण्यापूर्वी चालते. सकाळी टपालाच्या थैल्या येतात. त्या फोडायच्या, आतला माल मोजून घ्यायचा, त्यावर शिक्के मारायचे आणि मग तो पोस्टमनांच्या बीटांमध्ये वाटायचा. बीट म्हणजे एका पोस्टमनच्या वाट्याचा मुलूख. पुढे प्रत्येक पोस्टमन आपल्या पायांच्या वाटेप्रमाणे पत्रे मागे-पुढे रचतो. त्याला आम्ही बीट लावणे म्हणतो. बीट नीट लागली तर माणूस दुपारी घरी जेवतो. चुकली तर एकाच जिन्याची पुन्हा पुन्हा वारी करतो आणि त्या इमारतीच्या वॉचमनशी त्याची विनाकारण मैत्री होते.

आमच्या हद्दीत शिरवणे गाव आणि त्याच्या भोवतीचे सेक्टर होते. सेक्टरमध्ये पत्ता असतो, पण ओळख नसते. गावात ओळख असते, पण पत्ता नसतो. एका सेक्टरमध्ये साईबाबांच्या नावाच्या इतक्या इमारती की प्रत्यक्ष बाबांनाही स्वतःचे टपाल शोधावे लागले असते. गावात पाकिटावर नुसते 'देवळाजवळ' असे लिहिलेले असे, आणि देवळाजवळ तर अख्खे गाव. असे हे काम शिकायला वर्षे जातात, असे मी साहेब लोकांना सांगत असे. प्रशिक्षणार्थी आले आणि काही आठवड्यांतच त्यांनी माझे हे विधान खोटे पाडले, त्याबद्दल मी त्यांना अजून पुरती क्षमा केलेली नाही.

'प्रशिक्षणार्थी' हा आदेशातला शब्द. आम्ही त्यांना उमेदवार म्हणत असू. एका खाजगी प्रशिक्षण संस्थेने वरच्या कार्यालयाशी बोलणी करून चौघांना आमच्याकडे पाठवले होते. वेतन नाही, विद्यावेतन नाही, अखेरीस संस्थेचे एक प्रमाणपत्र. पण पोस्टात एकदा पाय ठेवला की पुढेमागे कायम होता येते, असे संस्थेतल्या कोणीतरी त्यांच्या कानात सांगितले होते. आणि खोटे जितके हळू सांगावे तितके ते कानात खोल जाते. खात्याची भरती गुणांवर आणि परीक्षांवर होते, उमेदवारीवर नाही, हे मी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. चौघांनी माना डोलावल्या. एकानेही विश्वास ठेवला नाही.

त्यांच्यातली थोरली दर्शना. शिरवण्याचीच, आगरी घरातली, लग्न झालेली, एका शाळकरी मुलीची आई. भरतीच्या वयोमर्यादेचे दार तिच्यापुरते बंद व्हायला आले होते. मी तिला खुर्ची दिली आणि विचारले, "वडिलांची चार मजली इमारत आहे म्हणे. खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. मग इथे फुकट राबायला कशाला येता?"

"इमारत भावांची हाय सर. नवऱ्याचं घर सासूचं हाय. मला माझं आपलं कायमचं काय तरी पायजे."

"पोस्टात कायम होणे सोपे नाही, बाई."

"आमचं शेत पन कायमचंच होतं सर," ती म्हणाली. "तुमचा हा काउंटर हाय ना, हितंच होतं."

मी तिच्या हाती शिक्का दिला.

दुसरा मिलिंद. करंजाड्याहून येई. आईवडील मराठवाड्यातून आलेले, वडील एका सोसायटीत सुरक्षारक्षक. हा मुलगा कोणताही कागद दोनदा वाचल्याशिवाय खाली ठेवत नसे, आणि ही सवय सरकारी कार्यालयात किती उपद्रवी असते, हे ज्याने भोगले त्यालाच कळेल. उरलेली दोन मुले गुणी होती आणि या हकिकतीत त्यांना काही बोलायचे नाही.

आदेशात त्यांच्या कामाविषयी एकच वाक्य होते: 'प्रशिक्षणार्थींनी कार्यालयीन कामकाजाचे अवलोकन करावे.' म्हणजे बघावे. पण आमच्या कार्यालयाचा रिवाज असा की, येथे रिकामा हात कोणाला सोसत नाही. पहिल्या दिवशी शिक्का, मग थैल्यांची तोंडे, मग बीट लावणे, मग काउंटरवरच्या रांगेला शिस्त. पाहता पाहता चौघे मिळून अर्धे कार्यालय चालवू लागले. रजिस्टर टपालाला आणि पैशांना मी त्यांना हात लावू दिला नाही, ही गोष्ट देवस्थळींनी पुढील लेखात विसरू नये. बाकी सारे त्यांचे. सही तेवढी आमची.

दर्शनाचा तर गावात दरारा होता. 'देवळाजवळ' लिहिलेले पाकीट ती उलटसुलट करी आणि म्हणे, "हा मधल्या आळीतला. ह्याची बायको माहेरी गेलीय, पत्र तिचंच असेल. आधी ह्येच द्या भाऊ, वाट बघत असेल." बाळाराम ठाकूर, ज्याचे मूळ गाव मोरा बंदर आणि ज्याच्या आवाजाला लाटांवरून बोलण्याची सवय, तो तर सकाळी आपली बीट तिच्यापुढे टाकून निवांत चहाला जाऊ लागला.

श्रावण लागला. राख्यांच्या पाकिटांनी थैल्या फुगू लागल्या. पोस्टाला दिवाळी झेपते. राखी झेपत नाही, कारण राखीला ठरलेला दिवस असतो आणि बहिणीला तो महिनाभर आधी आठवत नाही. नेमक्या त्याच आठवड्यात आदेश आला की, या तुकडीला महिनाअखेर मोकळे करावे आणि नवी विनावेतन तुकडी घ्यावी. चौघे माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले.

"सर, आमचं काय?" दर्शनाने विचारले.

"तुमचे आभार."

"आभार राहू द्या. कायम करा."

"कायम करण्याचा अधिकार मला असता," मी म्हणालो, "तर मी आधी या डोक्यावरच्या पंख्याला कायम केले असते. तो सध्या रोजंदारीवर फिरतो."

मिलिंद हसला नाही. "सर, कायमचं वर बघू. निदान आम्ही हितं काय काय काम केलं, तेवढं लिहून द्या. भरतीला जोडता येईल."

येथे मी ते ऐतिहासिक वाक्य उच्चारले, ज्यातून झालेल्या संपाचे श्रेय आज दोन भलतीच माणसे खात आहेत. मी म्हणालो, "काम? आदेश वाच. तुम्हाला बघायला पाठवले होते. काम केलेत ते तुमच्या हौसेने. हौसेचा दाखला देण्याची खात्यात सोय नाही."

वाक्य मला फार आवडले. काउंटरवरचे लिपिक तोंडावर रुमाल धरून हसले. दर्शना मात्र शांतपणे म्हणाली, "म्हंजे आमचं काम फक्त बघायचं."

"फक्त."

"मग उद्यापासून नीट करते सर."

दुसऱ्या दिवशी चौघे वेळेवर आले. एक मिनिटही उशीर नाही. प्रत्येकाने एक स्टूल घेतले, एकेक कर्मचारी निवडला आणि त्याच्या शेजारी बसून त्याचे अवलोकन सुरू केले. घोषणा नाही, फलक नाही, काळी फीत नाही. नुसते बघणे.

बाळाराम आला, सवयीने त्याने बीट दर्शनापुढे टाकली. "लाव ग पटकन. मी चहा घेऊन येतो."

"लावा ना तुमीच भाऊ. मी बघते."

"काय बघतंस? माज्या थोबाडावर पिच्चर लागलाय काय?"

"लागला तर ह्येच बघायचं हाय. आदेश हाय तसा."

माझ्या वाट्याला मिलिंद आला होता. त्याने स्टूल माझ्या खुर्चीच्या डाव्या हाताला ठेवले आणि हात मांडीवर घेऊन बसला.

"काय आहे?" मी विचारले.

"बघायलोय सर."

"काय बघतोस?"

"पोस्टमास्तर काय करतेत ते."

प्रामाणिकपणे सांगतो, त्या सकाळी मी जेवढे काम केले तेवढे पूर्ण वर्षात केले नसेल. ज्या फायलींचा रंगही मी विसरलो होतो त्या उघडल्या. माणसाकडे कोणी रागाने बघत असले तर सहन होते; शिकण्याच्या नजरेने बघत असले तर घाम फुटतो. शेवटी चहा मागवला. मिलिंदने विचारले, "चहाचं पण बघायचं का सर?"

"नको."

"आदेशात वगळलेलं नाय."

काउंटरवर त्याहून बिकट प्रसंग. सेक्टरमधल्या एक आजी आपल्या भावासाठी राखीचे पाकीट घेऊन आल्या. रांग दारापर्यंत. त्यांनी नेहमीप्रमाणे दर्शनाला हाक मारली.

"अग, हे चिकटवून दे."

"आजी, मी आज बघायला बसलीय."

"इथे? कोणी स्थळ आहे का?" आजींनी लिपिकाकडे चष्म्यातून निरखून पाहिले. "हा तर लग्न झालेला दिसतो."

रांग हसली. पण आजी प्रकरण समजून घेऊन रांगेतून बाहेर आल्या, बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मग मीही बघते. घरी तरी काय आहे?" दुपारपर्यंत बाकावर बघणाऱ्यांची दाटी झाली. लोक फुकट काही मिळते असे कळले की पोस्टातही येतात.

आता बाळाराम ठाकूर यांच्या 'नेतृत्वा'कडे वळू. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या केबिनमध्ये आले. आदल्या दिवशी बीट स्वतः लावल्यामुळे त्यांना दुपारचे जेवण संध्याकाळी मिळाले होते. ते ओरडले, "मास्तर, ह्या पोरांना कामाला लावा. नायतर मी संघटनेत तक्रार करीन."

"कशाची? वेतन न घेता काम करीत नाहीत, याची?"

"माजे पाय बघा मास्तर. काय सुजलेत."

हे शब्दशः घडले. संपकऱ्यांना कामाला लावा म्हणून दम देणारा संघटनेचा हा एकमेव चिटणीस असावा. पुढे निरोप समारंभांतून हेच पाय संपाचा खांब कसे झाले, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी तक्रारी वर पोचल्या आणि देवस्थळी गाडीतून उतरले. त्यांनी चौघांना बसवले, बिस्किटे मागवली आणि टपाल खात्याच्या सेवाभावावर भाषण केले. भाषण चांगले होते. मी ते पूर्वी दोन प्रसंगी ऐकले होते. संपल्यावर दर्शना म्हणाली, "सर, काम करा असं तुमी लिहून द्या. आत्ता उठते."

हा पेच बाहेरच्यांना समजावा म्हणून सांगतो. 'काम करा' असे लिहून दिले, की ही माणसे येथे काम करीत होती हे खात्याने मान्य केले. उद्या ती त्या कागदावर वेतन मागतील, परवा कायम होणे मागतील. लिहून दिले नाही, तर ती बघत बसतील आणि देशभरच्या बहिणींच्या राख्या जमिनीवर पडून राहतील. देवस्थळींनी कागदाकडे पाहिले, पंख्याकडे पाहिले, आणि त्यांना एकाएकी पनवेलच्या एका बैठकीची आठवण झाली. गाडी गेली. बिस्किटे राहिली. 'सौजन्य आणि समयसूचकता' यांपैकी समयसूचकता मी विनाशर्त मान्य करतो.

त्या संध्याकाळी मी थैल्यांच्या ढिगापुढे उभा राहिलो. पौर्णिमा उलटून गेल्यावर पोचलेली राखी कशी दिसते, हे मी पाहिलेले आहे. लोक ती घेतात, आणि पोस्टमनकडे जे बघतात ते विसरता येत नाही. ही दया नव्हती. हे स्पष्ट लिहितो, कारण मंडळात काही जण मला दयाळू ठरवू पाहतात आणि मला त्याचा राग येतो. माझ्या कार्यालयातून राखी उशिरा गेली, असे कोणी म्हणू नये, एवढाच प्रश्न होता. मी कोरा कागद घेतला आणि आदेश लिहू लागलो: आजपासून या चौघांनी पुढील कामे करावीत.

मिलिंद अर्थातच शेजारी बसून बघत होता. "सर, आजपासूनचं नको. पहिल्या दिवसापासूनचं लिवा. करत आलेत असं."

"म्हणजे मी पहिल्या दिवसापासून नियम मोडला, असे माझ्याच हाताने लिहू?"

"मोडलाच ना सर," पलीकडून दर्शना म्हणाली. "आमी होतो की."

मी लिहिले. कोणी काय केले ते एकेकाच्या नावापुढे लिहिले, सही केली, कार्यालयाचा गोल शिक्का मारला. कागद मिलिंदने दोनदा वाचला. मग चौघे उठले. पुढले दोन दिवस त्या कार्यालयात जे काम झाले, तसे मी आधी पाहिले नाही आणि नंतर पाहायला मी तेथे नव्हतो. राख्या गेल्या. आजींचीही गेली. माझ्याकडे खुलासा मागवण्यात आला. तो मी इतका लांबलचक दिला की वाचणारा माझ्या निवृत्तीपर्यंत वाचतच राहिला असावा.

येथे माझे दोन्ही प्रतिस्पर्धी पडदा पाडतात, कारण टाळ्या येथेच मिळतात. मी थोडे पुढचे सांगतो. कायम कोणीच झाले नाही. प्रशिक्षणार्थींचा नोकरीवर हक्क पोचत नाही, असे वरून उत्तर आले आणि ते नियमाला धरून होते. मिलिंद पुढे भरतीत आपल्या गुणांवर लागला. बाळाराम त्याला 'आपण कायम केलेला' म्हणून मिरवतो. मिलिंदने मला एकदा फोनवर सांगितले, "सर, तुमचा कागद जोडला होता. त्यांनी परत दिला. म्हणले, ह्याची गरज नाय." दर्शना दोन भरत्यांना बसली. यादी थोडक्यात हुकली. तिसऱ्या भरतीपर्यंत वय थांबले नाही.

यंदाच्या स्नेहमेळाव्यात नेरुळच्या सभागृहात आमचा वाद पुन्हा पेटला. देवस्थळींनी आपल्या लेखाची प्रत खिशातून काढली. मी पेन्सिल काढली. तेव्हा बाळारामने माइकवरून जाहीर केले, "साक्षीदार येते हाय माजी. ती सांगेल." त्याने तिच्यासाठी पुष्पगुच्छसुद्धा आणला होता.

दर्शना आली ती कामावरूनच, गळ्यात ओळखपत्र लटकलेले. शिरवण्याच्या बाजूच्या औद्योगिक पट्ट्यातल्या पार्सलांच्या गोदामात ती पाळीची प्रमुख आहे; रोज हजारो खोकी तिच्या डोळ्यांखालून जातात, असे ऐकतो. देवस्थळींनी तिला सौजन्याने खुर्ची दिली.

बाळाराम म्हणाला, "सांग ग ह्यांना दर्शना. कोनी केलं?"

तिने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिले. "काय केलं, भाऊ?"

"अग संप. तुमचं ते कायम होन्याचं."

"मी कुठं कायम झाले?" ती सहज म्हणाली, कडवटपणा मुळीच नव्हता. "अकरा महिन्यांचं कंत्राट असतं माझं. ह्या महिन्यात संपतंय. नवीन साहेब आलाय तो वाढवतो का नाय, तेच टेन्शन चाललंय." मग तिला काहीतरी सुचले आणि ती पुढे वाकली. "तुमी तिघं एवढे मोठे. तुमच्यापैकी कोनाची ओळख हाय का तिथं? एक शब्द टाकायला?"

देवस्थळींनी आपल्या लेखाची घडी केली. बाळाराम माइकची वायर सोडवू लागला. मी चष्मा पुसला. एवढी वर्षे 'मी केले, मी केले' म्हणणाऱ्या तिघांपैकी एकाच्याही तोंडून त्या वेळी 'मी' निघाला नाही.

"बरं, असू दे," दर्शना म्हणाली. उभ्या उभ्या तिने चहा घेतला, माझ्या तब्येतीची चौकशी केली, बाळारामच्या नातवाचे नाव विचारले. "येते सर. पाळी सुरू होईल."

गडबडीत पुष्पगुच्छ टेबलावरच राहिला. मेळावा संपला, खुर्च्या आवरल्या गेल्या, तरी तो तेथेच होता. तो कोणी घरी न्यायचा, यावर आम्हा तिघांत वाद झाला नाही.